काळं चुंबक, पांढरं चुंबक

माझ्या भावाचा सत्कार झाला त्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत बसले होते. शहापुरातला हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, दादाच्या खांद्यावर शाल, हातात नारळ आणि शेजारी स्टँडवर उभी केलेली त्याची ती जुनी इलेक्ट्रिक गिटार. नामदेवदादानं माईक हातात घेतला आणि म्हणाला, “या गिटारीचा आवाज बाजारात विकत मिळत नाही. तो मी किन्हवलीत, घरच्या पडवीत, माझ्या या हातांनी बनवला.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली तेव्हा तिला सांगितलं, हात दुखतोय. भाऊ म्हातारा झाला, आता सोडून दे, असं मला घरचे सगळे सांगतात. म्हातारी मीही झाले आहे, पण त्याला जाऊन कोणी सांगत नाही की आता खरं बोल. म्हणून हे लिहायला बसले आहे, आणि गोडीगुलाबीनं लिहिणार नाही.

आमचं घर किन्हवलीच्या बाजाराला लागून, रस्त्याकडे तोंड करून होतं. पुढच्या पडवीत बाबांचं मोटार वायंडिंगचं काम चालायचं आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. विहिरीवरचे पंप, भातगिरणीच्या मोटारी, कधीमधी पंखे, जे जे जळेल ते आमच्या पडवीत येऊन पडायचं. घराला वार्निशचा आणि जळक्या तांब्याचा वास असायचा आणि त्यात आय सुकट भाजायला बसली की पाहुणे नाकाला पदर लावायचे. सकाळी तिकडे चुलीपाशी तांदळाच्या भाकरीची थपथप आणि इकडे पडवीत वायंडिंगच्या हातमशीनची टिकटिक, एका फेऱ्याला एक टिक. बाबा खाचरांवर गेले की मशीनवर मी बसायची. दहावीनंतर माझी शाळा सुटली होती आणि बाबांची नजर अधू व्हायला लागली होती, त्यामुळे बारीक तारेचं सगळं काम हळूहळू माझ्याकडे आलं. फक्त गिऱ्हाईक दारात दिसलं की मी उठून आत जायचं आणि बाबांनी पुढे होऊन मोटार त्याच्या हातात द्यायची, असा आमच्याकडे नेमच होता. “पोरीनं बांधलेली मोटार म्हटली का लोकांचा इस्वास बसत नाय,” बाबा म्हणायचे. मला तेव्हा त्याचा राग येत नव्हता. यायला हवा होता.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मुरबाडच्या एका कारखान्यात तो पाळीवर जायचा आणि उरलेल्या वेळात तिथल्याच एका ऑर्केस्ट्रा पार्टीत गिटार वाजवायचा. हळदी, लग्नं, नवरात्र, साखरपुडे, कशालाही ही पार्टी जायची. त्याचा हात चांगला होता, हे मी नाकारणार नाही. पण घरात तो हात कशाला लागत नसे. जेवलेलं ताट जागच्या जागी सोडून उठायचा आणि आय ते उचलेपर्यंत त्याची शिट्टी रस्त्यावर पोचलेली असायची. एका पावसाळ्याच्या शेवटी पार्टीची ती गिटार मुकी झाली. तारा हलायच्या, पण ॲम्प्लिफायरमधून आवाज येईना. दादा ती घेऊन घरी आला आणि म्हणाला, “बाबा, याचा पिकप गेलाय. आत तुमच्या मोटारीवानीच कॉइल हाय, बगा जरा.” बाबांनी हात झटकले. “खेळन्याला मी हात लावत नाय. हिला दे.” आयला तो शब्द काही कळला नाही. “पीक? कसलं पीक गेलं रे?” तिनं काळजीनं विचारलं, कारण भात तेव्हा पोटरीला आलं होतं. दादा पोट धरून हसला. आय मात्र पुढे मरेपर्यंत त्याला पीकच म्हणत राहिली.

पिकप म्हणजे काय हे मलाही तेव्हा उघडून बघितल्यावरच कळलं. तारांच्या खाली एक बोटभर लांबीची डबी असते. तिच्यात चुंबक, आणि चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे. वरची पोलादी तार थरथरली की खाली कॉइलमध्ये वीज थरथरते, तीच पुढे ॲम्प्लिफायरमध्ये जाते. मोटारीला वीज देऊन फिरवायचं असतं, इथे हलण्यातून वीज काढायची, एवढाच फरक. त्या डबीतली तार गंजून तुटली होती. मी शेहेचाळीस नंबरची तार मागवली, दोन्ही बोटांना मेण लावलं आणि तीन दिवस बसून सात हजार फेरे घातले. तार जराशी ओढली गेली की तुटायची, मग पुन्हा पहिल्यापासून. आय जेवायला हाक मारायची तेव्हा मला ओ देता यायची नाही, कारण बोललं की मोजणी चुकायची. तिसऱ्या दिवशी गिटार बोलली. बोलली कसली, खेकसली. खाली बसवलेलं चुंबक काळं होतं, स्पीकरच्या पाठीला असतं तसलंच, हातातून पडलं तर बशीसारखे तुकडे होणारं. त्याची ओढ जबरदस्त. तारेला बोट लागायच्या आत आवाज कानाशी येऊन आदळायचा आणि कितीही हलक्या हातानं वाजवा, तो तेवढाच मोठा राहायचा. दादा खूश झाला. मला तो आवाज आवडला नाही. आमच्या शेजारची चंद्रीमावशी नळावर भांडायची तिची मला आठवण व्हायची.

पांढरी चुंबकं मला मोडीत मिळाली. भातसानगरच्या कॉलनीतून मोजमापाची जुनी यंत्रं भंगारात निघाली होती, ती शहापूरच्या एका भंगारवाल्याकडे पडली होती. बाबा तिथे तांबं शोधायला गेले, मी सोबत होते. एका फुटक्या यंत्राच्या पोटात पेन्सिलीच्या तुकड्याएवढ्या चकचकीत दांड्या दिसल्या, चांदीसारख्या नाही, मासळीच्या पोटासारख्या पांढुरक्या. माझ्या वेणीतली पिन त्यांना जाऊन चिकटली. मी सहा दांड्या निवडून घेतल्या, एकेका तारेखाली एक. त्यांना करवत लागत नव्हती, एमरीच्या चाकावर पाणी टाकत टाकत सारख्या उंचीच्या कराव्या लागल्या. त्या धातूला आल्निको म्हणतात, लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून तो होतो, हे मला खूप नंतर कळलं. आमच्या घरात दोनच नावं होती, काळं आणि पांढरं. मोटारीच्या खाचेत घालतात त्या लेदरॉइडच्या जाड कागदाच्या दोन पट्ट्या कापून, त्यांत सहा दांड्या उभ्या बसवून मी दुसरा पिकप केला. तीच तार, तेवढेच सात हजार फेरे. बदललं होतं ते फक्त चुंबक. एवढी शिस्त मला कोणी शिकवली नव्हती. दोन गोष्टींतला फरक कळायला हवा असेल तर बाकीचं सगळं सारखं ठेवावं लागतं, हे मला पंपाच्या मोटारींनी शिकवलं होतं.

मग आम्ही परीक्षा घेतली. दादाला आतल्या खोलीत बसवलं, दारावर गोधडी टांगली, ॲम्प्लिफायर पडवीत ठेवला. आय वालाचं बिरडं सोलत बसली होती, बाबा काही ऐकत नसल्यासारखे एका पंख्याचा बुश ठोकत होते. दादानं तीच एक चाल आधी एका पिकपवर आणि मग दुसऱ्यावर वाजवली, कोणता कोणता ते सांगितलं नाही. तीन वेळा वाजवली, तिन्ही वेळा मी क्रम बदलून दिला. पहिल्याच खेपेला आयनं वाल सोलायचे थांबवले. “पयला अंगावर येतो,” ती म्हणाली. “दुसरा इचारून येतो.” क्रम बदलला तरी तिन्ही वेळा तिनं कोणता कोणता ते बरोबर ओळखलं. पांढऱ्यावर बोट जोरात मारलं तर आवाज जोरात यायचा, हळू मारलं तर हळू, आणि सूर एकदम न तुटता हातातल्या ओल्या साबणासारखा निसटत जायचा. बाबांनी हातोडी खाली ठेवली आणि नुसतं “दुसराच” एवढं म्हणाले. आमच्या बाबांकडून एवढा एक शब्द मिळवायला लोकांना वर्षं लागायची. दादा मात्र गोधडी बाजूला सारून बाहेर आला आणि म्हणाला, “काळाच बरा. लोकांना मोठा आवाज लागतो.” मी त्याला म्हटलं, एका हळदीला पांढरा लावून तर बघ.

त्यानं लावला, आणि महिनाभरात मुरबाडात बोलबाला झाला. इतर पार्टीवाले विचारायला लागले, कुठून आणलास. तो सांगायचा, मी बनवला. हे मला पार्टीतल्याच ढोलकीवाल्यानं येऊन सांगितलं, तेही कौतुकानं, “तुझा भाव लय डोक्याचा हाय गो.” मी पिकपच्या तळाला, लेदरॉइडवर, टाचणीनं “कुंदा” असं कोरलं होतं. गिटार घरी आली तेव्हा मी तो उलटा करून बघितला. नाव ब्लेडनं खरवडून काढलेलं होतं, आणि इतक्या धसमुसळेपणानं की आतली तार थोडक्यात वाचली होती. मी दादाला विचारलं. तो आरशासमोर केस विंचरत होता. “लोक हसतात गो,” एवढंच म्हणाला, भांग मोडू न देता.

तेवढ्यावर मी गप्प बसलेही असते कदाचित. पण पुढच्या वर्षीच्या नवरात्रात बातमी आली की कल्याणचे साळवी ऐकायला येणार आहेत. त्यांचा मोठा ऑर्केस्ट्रा होता आणि वाद्यं दुरुस्त करायचं दुकानही. गिटारींचे पिकप बांधायला त्यांना दुकानात कायमचा कारागीर हवा होता आणि मुरबाडचा तो पांढरा आवाज त्यांच्या कानावर गेला होता. दसऱ्याच्या दुपारी मुरबाडच्या मांडवात ते येणार आणि ज्यानं तो बनवला त्याला कामावर घेणार. मी त्या दोन दिवसांत मनातल्या मनात कल्याणला जाऊन राहिलेसुद्धा. आयची बहीण, माझी सख्खी मावशी, तिथे राहायची. दुकानाच्या पाटीखाली स्टूल टाकून बसलेली मी मला दिसत होते, गिऱ्हाईक आलं तरी न उठणारी. त्याच सुमारास माझ्यासाठी सरळगावकडचं एक स्थळ चालून आलं होतं. मला ते बघायचंही नव्हतं. संध्याकाळी जेवताना मी बाबांना सरळ म्हटलं, “साळवींना माझं नाव सांगा.” बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. “पोरीला कुठं कल्यानला धाडायची? नामदेव जाईल. तू घरी बांधून देत जा, तो तिकडं देईल.” दादा मान खाली घालून जेवत होता. आय चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, “पीक हिनं लावलंय.” बाबा म्हणाले, “तू गप.” आणि आय गप्प झाली. बाबांनी मला मारलं असतं तर मी विसरले असते. त्या दिवशी ते जे शांतपणे म्हणाले ते मी विसरलेले नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं बसायची. घरोघरी घट बसतात तशी बाबांची हत्यारं बसत. पक्कड, पाने, हातोडे, तारेचं मशीन, मीटर, सगळं रॉकेलनं पुसून मोठ्या परातीत मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, नव्या भाताच्या लोंब्या, समोर तांदळाची खीर. एकदा बसली की दसऱ्याच्या सकाळी उठवेपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. लावला तर वर्षभर हत्यार रुसतं असं बाबा मानायचे. त्या वर्षी बाबा म्हणाले, आता नामदेव कारागीर झाला, मांडणी त्यानंच करायची. दादा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून बसला. कारागिरानं आपली कारागिरीही पूजेला ठेवायची म्हणून त्यानं गिटारीतून पांढरा पिकप सोडवून आणला. परातीत तो सारखा आडवा पडत होता. मग दादानं जळक्या स्पीकरचं ते काळं जड कडं घेतलं, सांडलेले स्क्रू गोळा करायला आम्ही ते वापरायचो, आणि त्यावर पिकप उभा करायला गेला. काळं त्याला उभं राहू देईना. सारखं ढकलून द्यायचं. “आंगात आलंय याच्या,” दादा हसून म्हणाला आणि दोन्ही बोटांनी दाबून त्यानं पिकप काळ्यावर टेकवला, वर नाडा गुंडाळला, करकचून गाठ मारली आणि झेंडूचं फूल खोचलं.

मी हातभर अंतरावर पुसायचं फडकं घेऊन उभी होते. ज्यानं ते दोन पिकप बांधले तो हे सात जन्मात करणार नाही. पांढऱ्याचा आवाज गोड, पण जीव कोवळा. काळ्याच्या तोंडाला पांढऱ्याचं तेच तोंड लावून दाबलं की काळं त्याचं बळ मारून टाकतं. त्याला रात्रही लागत नाही, तेवढ्यातच होतं. माझ्या हातून अशा दोन दांड्या आधी मेल्या होत्या आणि दोन काळ्यांच्या मध्ये धरून मी त्या पुन्हा जिवंत केल्या होत्या, म्हणून तर मी काळी चुंबकं वेगळ्या डब्यात ठेवायची. काळं ढकलत होतं तेव्हाच मी “थांब” म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात बाबा म्हणाले, “बग, कसा बसवला,” आणि मी तोंड मिटलं. हत्यारं बसली होती. आता हात लावायचा नव्हता. मला एवढं सोयीचं सोवळं आयुष्यात पुन्हा मिळालं नाही.

दसऱ्याच्या सकाळी हत्यारं उठली. दादानं नाडा सोडला, पिकप गिटारीत बसवला, तारांच्या दोन टाक्यांना कथलाचा डाग दिला. ॲम्प्लिफायर मुरबाडला पार्टीकडे होता, त्यामुळे घरी वाजवून बघणं झालं नाही. तो पुढे गेला, मागून आम्ही तिघं जीपनं निघालो. निघण्याआधी मी ते काळं कडं आणि त्याच्याच जोडीचं दुसरं कडं, दोन्ही फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली. माझा बेत सरळ होता. दादा साळवींसमोर तोंडावर पडेल, मग कोणाला तरी माझी आठवण होईल, मी पुढे होईन आणि सगळ्यांदेखत ते मेलेलं चुंबक जिवंत करीन. रस्ताभर आय पिशवी मांडीवर घ्यायला बघत होती. “एवढं जड काय घेतलंस गो?” मी म्हटलं, खीर.

मांडवात तेव्हा माणसं यायची होती. साळवी आले, पांढरा सदरा, कानात अत्तराचा बोळा, खुर्ची अगदी स्पीकरपुढे ओढून बसले. दादानं वाजवायला सुरुवात केली. आवाज आला तो दुसऱ्याच्या घरातून यावा तसा. त्यानं ॲम्प्लिफायर चढवला तर घरघर वाढली, सूर तेवढाच राहिला. त्याच्या कपाळावर घाम आलेला मला मागून दिसत होता, आणि मला आनंद झाला. हे मी जसंच्या तसं लिहिते आहे. साळवी उठले. “पिकप कोणी बांधला म्हणालात?” “मीच.” “मग काय झालंय सांगा.” दादानं वायरी हलवल्या, टाके तपासले, मीटर लावला. कॉइल शाबूत होती. साळवींनी खिशातला छोटा स्क्रूड्रायव्हर काढून पिकपला लावला आणि सोडला. तो चिकटला नाही, खाली पडला. “चुंबक मेलंय. काल कुठं ठेवलं होतं?” दादानं सगळं सांगितलं, अगदी कौतुकानं, काळं कडं, नाडा, फूल. साळवी हसले नाहीत. “हे तुम्ही बांधलेलं नाही,” ते म्हणाले. “ज्यानं बांधलं त्याला काळ्या-पांढऱ्याचं वैर ठाऊक असणार.”

पार्टीतली माणसं जवळ सरकली. दादानं इकडेतिकडे बघितलं आणि मग बोट माझ्याकडे केलं. “हिनं बांधला,” तो ओरडला. “ही कुंदा. हिनंच बांधला. समोर उभी होती, बगत होती. हिनंच मुद्दाम बिगडवला!” आयुष्यात एकदाच माझ्या भावानं चारचौघांत सांगितलं की ते काम माझं आहे, आणि ते असं.

मी पिशवी उचलली. पुढे गेले, पिशवीतून दोन्ही कडी काढली. गिटारीतून पिकप सोडवला, एक कडं खाली, एक वर, दोघं एकमेकांना ओढतील अशी तोंडं करून मध्ये पिकप सरकवला. खाड्कन आवाज झाला. बोट चिमटलं, रक्त आलं. मग कडी आडवी सरकवून सोडवली आणि स्क्रूड्रायव्हर लावला. तो लटकून राहिला. पाचच मिनिटांत गिटार होती तशी बोलायला लागली. ढोलकीवाला “वा गो” म्हणाला. मी साळवींकडे बघितलं. ते गिटारीकडे बघत नव्हते, माझ्या रिकाम्या पिशवीकडे बघत होते.

“ही कडी तू घरूनच आणलीस?”

“होय.”

“म्हणजे काल बघितलंस तेव्हाच तुला कळलं होतं.”

“होय.”

“एक शब्द बोलली असतीस तर वाचलं असतं.”

मी मान हलवली. ते आवाज न चढवता म्हणाले, “हात सोन्याचा आहे, पोरी. पण आपल्या हातचं काम मरताना जिला बघवतं, तिला मी दुकानात नाही ठेवणार.” मग दादाकडे वळून त्यांनी त्याला पुढच्या महिन्यापासून आपल्या ऑर्केस्ट्रात वाजवायला बोलावलं. खोटं बोलणारा चालला, गप्प बसणारी चालली नाही. साळवींबद्दल लोक आदरानं बोलतात, बोलोत. एकोणीस वर्षांच्या पोरीला त्यांनी जे सुनावलं त्यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि तरीही त्या माणसाचा मला आजवर राग आहे. परतीच्या जीपमध्ये आपट्याची पानं सगळ्यांच्या मांडीवर होती. बाबा बाहेर बघत होते. आयनं माझं चिमटलेलं बोट आपल्या पदरात घट्ट धरून ठेवलं होतं.

पार्टीकडून ती गिटार विकत घेऊन दादा कल्याणला गेला, मोठा झाला. सरळगावचं स्थळ मी नाकारलं, पुढची दोनही नाकारली, आणि बाबांचे डोळे पार गेले तेव्हा पडवी माझी झाली. मी गिऱ्हाइकापुढून उठून आत जाणं बंद केलं, ते त्याच वर्षी. किती पंप बांधले त्याची गणती नाही. पिकप मात्र पुन्हा एकही बांधला नाही, कारण ती बारीक तार हातात धरली की मला नाड्याची गाठ दिसायची. दादावर मी इतकी वर्षं जो राग धरला, त्यातला काही माझ्या वाट्याचा होता हे मला कळतं. तो वजा केला तरी त्याचा हिस्सा भरपूर उरतो.

सत्कारानंतर काही महिन्यांनी, यंदाच्या भाद्रपदात, त्याचा मुलगा ती गिटार घेऊन माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, “आत्या, आवाज जातोय. बाबा म्हणाले, तुलाच जमेल.” मी ठेवून घेतली. उघडून बघितली, तर खरवडलेल्या जागी लेदरॉइड झिजून ओल आत शिरली होती आणि तार हिरवी पडली होती. इतकी वर्षं लागली, पण शेवटी तो पिकप त्याच ब्लेडनं मारला होता. मी सगळी तार कापून काढली. चष्म्यावर भिंग लावून, मेण लावून पुन्हा सात हजार फेरे घातले. आता तीन दिवसांत होत नाही, अकरा लागले.

ते पुरं झालं आणि खंडेनवमी आली. हत्यारं बसवली. पिकप परातीत ठेवला, आडवाच, एका भाताच्या लोंबीला टेकून. आणि काळी कडी उचलून मागच्या खोलीत, आयच्या जुन्या ट्रंकेत नेऊन ठेवली. वीस पावलं असतील. तेवढी चालून आल्यावर मला उंबऱ्यावर थोडा वेळ बसावं लागलं.

दसऱ्याला दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, गुडघे, पाऊस. मग म्हणाला, “पीक कसं हाय?” आयचा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

“बरं हाय. नवी तार घातलीय,” मी म्हटलं. “नि नाव घातलंय.”

“खाली?”

“नाय. आत. कागदावर लिवून दांड्यांना गुंडाळलं, नि त्याच्यावरनं सात हजार फेरे. काढायचं असंल तर सगळी तार तोडावी लागंल. मग वाजायचं नाय.”

तो पुन्हा पावसावर गेला. मी त्याला मदत केली नाही.

“आनि कुंदे,” तो शेवटी म्हणाला, “तवा तू बोलली का नाय गो?”

“तू नाव का खरवडलंस?” मी म्हटलं, आणि उत्तराची वाट बघत फोन कानाला धरून ठेवला.